आद्यंत ऐकून तपासले

३ मार्च, सोमवार

जगात पितळेचा ऱ्हास झाला आहे, याची नोंद कोणीतरी करून ठेवायला हवी, म्हणून ही वही सुरू करतो. आमच्या दुकानाच्या दाराला एक छोटी पितळी घंटा आहे. दार उघडलं की वाजावं, एवढंच तिचं इहलोकीचं कर्तव्य. अलीकडे तिने ते सोडलं आहे. गिऱ्हाइकं आता जुन्या कथांतल्या ऋषींसारखी एकदम समोर प्रकट होतात आणि मी दचकतो. मी दचकलो की तीही दचकतात, आणि दचकलेलं गिऱ्हाईक काही विकत घेत नाही.

मेहुण्याला म्हटलं, "अरे, ही घंटा बदल. हिच्यात जीव राहिला नाही."

"वाजते की, भाऊजी."

वाजते! आजकालच्या पोरांचं कशानेही समाधान होतं. (पोर बेचाळीस वर्षांचं आहे, पण माझ्या बायकोचा धाकटा भाऊ या नात्याने ते कायमच पोर.)

वही नवी आहे, तेव्हा तिला ओळख करून द्यायला हवी. मी शाळेत संस्कृत शिकवत असे. एके वर्षी वर्गात मी आणि बाकं एवढेच उरलो, तेव्हा बाकांना नमस्कार करून बाहेर पडलो. मग मेहुण्याबरोबर हे दुकान काढलं. लोकांचे पाहून झालेले चित्रपट आणि ऐकून झालेल्या शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड आम्ही विकतो. मेहुणा संगणक, खोकी आणि टपाल बघतो. मी ऐकतो. बाकीचे दुकानदार रेकॉर्ड दिव्याखाली धरतात, तिरकी करतात, आणि 'उत्तम' असं लिहून मोकळे होतात. मी प्रत्येक रेकॉर्ड पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकतो, मगच वेष्टनावर शिक्का मारतो: 'आद्यंत ऐकून तपासले'. त्याखाली प्रत हाताने लिहितो: निर्मळ, किंचित खरखर, किंवा सहनीय. आमचं नाव आहे ते या शिक्क्यामुळे.

मात्र विक्री जवळजवळ सगळी संकेतस्थळावरून होते, आणि तिथे गिऱ्हाईक आपलं मत लिहितं आणि तारे देतं. एक ते पाच. या हिवाळ्यात आमचे तारे गळू लागले आहेत. संकेतस्थळाचं पत्र आलं आहे: गुणवत्तेबद्दलच्या तक्रारी अशाच येत राहिल्या तर आमचं दुकान त्यांच्या यादीतून काढलं जाईल. म्हणजे दुकानच गेलं. मेहुण्याने पत्र मला वाचून दाखवलं. फार हळू वाचलं त्याने. बिचाऱ्याचा धीर सुटलेला दिसतो.

६ मार्च, गुरुवार

मतांना उत्तरं देणं हे माझं खातं. आजची आवक:

सागरी साहसाचा चित्रपट नेलेले निवृत्त कप्तान लिहितात, 'जहाज डावीकडे वळवायचं असताना नायक चाक उजवीकडे फिरवतो. पुढे पाहवलं नाही. तीन तारे.' मी उत्तर दिलं, 'कप्तानसाहेब, जहाज बुडतं ते त्यामुळेच. शेवटपर्यंत पाहिलं असतंत तर नायकालाही ते कळल्याचं दिसलं असतं.'

आणखी एक: 'मूकपट मागवला. आवाज येत नाही. दुरुस्त करून पाठवावा. एक तारा.' उत्तर: 'महोदय, आपली तक्रार फार उशिरा पोचली. तंत्रज्ञांनी आपल्या आजोबांच्या काळातच तिची दखल घेतली आहे.'

तिसरं: 'शेवट दुःखाचा आहे. बदलून मिळेल का?' याला मी उत्तर दिलं नाही. मोठमोठ्यांनी हा प्रश्न विचारला आहे.

इथपर्यंत ठीक. पण पुढे दंतवैद्यबाईंचं मत होतं. बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक, व्हायोलिनच्या वेड्या. लिहितात, 'दुसऱ्या बाजूला व्हायोलिनच्या मागे सतत बारीक शिट्टी येते. शिक्का मात्र निर्मळ. माझ्या दवाखान्यात मी असल्या आवाजाचे पैसे घेते. इथे द्यावे लागले. दोन तारे.'

आणि शेवटी एकतारी. हे आम्ही ठेवलेलं नाव. हे गृहस्थ पूर्वी विमा कंपनीत होते. लोकांच्या जळलेल्या, बुडालेल्या मालाच्या नुकसानीचा अंदाज काढायचे. ती दृष्टी अजून सुटलेली नाही. आयुष्यात ऐकलेलं सर्वोत्तम वादन, असं स्वतः लिहून त्यांनी एका रेकॉर्डला एक तारा दिलेला आहे, वेष्टनाचा कोपरा दुमडला होता म्हणून. आज लिहितात, 'वादन थोर. वेष्टन स्वच्छ. वरच्या सुरांत चिरचिर आहे. शिक्क्यात नाही. एक तारा.'

दोन्ही रेकॉर्ड मी स्वतः ऐकल्या आहेत. चिरचिर नाही, शिट्टी नाही. मी दोघांनाही सविस्तर लिहिलं की आमच्या शास्त्रात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत. प्रत्यक्ष हे सगळ्यांत थोर. आणि अनुपलब्धी नावाचं एक साधन आहे: जमिनीवर घडा दिसत नाही, तेव्हा जमिनीवर घडा नाही. रेकॉर्डवर शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा शिट्टी नाही. आपलं यंत्र तपासून घ्यावं.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, एवढं लिहिण्यापेक्षा पैसे परत देऊन टाकू या का?"

"सत्याचे पैसे परत देत नाहीत," मी म्हटलं.

त्यावर तो काही तरी पुटपुटला. त्याने पुटपुटणं कमी करायला हवं.

९ मार्च, रविवार

घरी चित्रपट पाहिला. अलीकडच्या नटांना तोंड उघडायचे पैसे वेगळे मिळत असावेत. सगळे दातांत बोलतात. नट्या तर ओठ हलवतात आणि आशय आपण समजून घ्यायचा. म्हणून मी खाली अक्षरं लावतो. भाषेवरच्या प्रेमापोटी.

बायको म्हणाली, "अहो, आवाज केवढा! शेजारचे पण बघतायत सिनेमा."

"मग त्यांनी अर्धं तिकीट द्यावं."

ती हसली. मग उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. हल्ली ती नेहमी डावीकडेच बसते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकांना असे लहानसहान नवे हट्ट होतात. पुरुषाने त्यांचं कारण विचारू नये.

सकाळी माझी आवडती बासरीची रेकॉर्ड पुन्हा लावली होती. विकायची नाही, माझी स्वतःची. विचित्र गोष्ट आहे. वरच्या सप्तकात वादकाचा पूर्वीचा जोम राहिलेला नाही. खालचे सूर अजून मखमली, पण वर गेला की माणूस दमल्यासारखा वाटतो. रेकॉर्डवरचा माणूस म्हातारा कसा होईल, हे शास्त्राला धरून नाही, हे मलाही कळतं. बहुधा सुई झिजली असावी. मेहुण्याला नवी सुई आणायला सांगितली आहे.

उलट, चेलो! चेलोसारखं वाद्य नाही. इतकी वर्षं मी त्याला व्हायोलिनच्या जाड्या भावंडासारखं वागवलं याची खंत वाटते.

१३ मार्च, गुरुवार

खोकी बांधताना मेहुणा सहज म्हणाला, "ताई शाळा सोडतेय, मग जूनपासून दुकानात येऊन बसेल का?"

माझी बायको एका शाळेच्या ग्रंथालयात आहे. लग्नाच्या आधीपासून. ती शाळा सोडणार आहे, हे मला टेप कापणाऱ्या मेहुण्याकडून कळावं!

घरी गेल्यावर तिला गाठलं. "अगं, शाळा सोडतेस?"

"हो."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं की. स्वयंपाक करताना सांगितलं. मग गच्चीत कपडे वाळत घालताना सांगितलं. तुम्ही छान म्हणालात."

"मी छान म्हणालो?"

"दोन्ही वेळा."

मी छान म्हणालो असेन, तर त्यामागे काही विचार असेल. पण का सोडतेय, हे विचारायचं राहिलं. तेही तिने सांगितलं असणार, आणि त्यालाही मी छान म्हणालो असणार. पुन्हा विचारलं तर आपण लक्ष देत नाही असा तिचा समज व्हायचा. आडवळणाने काढून घेईन.

१८ मार्च, मंगळवार

आणखी तक्रारी. एक कोणी लिहितो, 'गायिकेचं गाणं सुरेख, पण सोबत साप पाळलेला दिसतो. फुत्कार थांबत नाही.' मेहुण्याचा चेहरा उतरला आहे. काल तो एक रेकॉर्ड माझ्यानंतर पुन्हा लावून बघत होता. मी येताच बंद केली.

"काय रे?"

"काही नाही. नवी सुई बघत होतो."

नवी सुई लावूनही बासरीवाल्याचा जोम आलेला नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. आधीच बिचारा हिंमत हरला आहे.

मी एक निश्चय केला आहे. वाद असा पत्रांतून मिटत नाही. पूर्वी पंडित समोरासमोर बसत. रविवारी दंतवैद्यबाई, एकतारी आणि कप्तान या तिघांना दुकानात बोलावलं आहे. बाईंनी परत केलेली व्हायोलिनची रेकॉर्ड सगळ्यांसमोर लावायची. शिट्टी असेल तर मी शिक्का मोडून टाकेन. नसेल तर त्यांनी तसं लिहावं.

२३ मार्च, रविवार

विजय!

खुर्च्या मांडल्या. दंतवैद्यबाई आल्या, पांढऱ्या कोटाशिवाय त्या भलत्याच माणसासारख्या दिसतात. कप्तान इस्त्रीच्या कपड्यांत. एकतारींनी आत येताच खुर्ची हलवून तिच्या पायांची लांबी तपासली. बायको चहा घेऊन आली आणि थांबली.

मी थोडं प्रास्ताविक केलं. प्रत्यक्ष, अनुमान, अनुपलब्धी. कप्तान म्हणाले, "गुरुजी, आम्ही समुद्रावर एवढंच म्हणायचो, बघून घ्या." सगळे हसले. मग मी पहिली बाजू सोडून सरळ दुसरी बाजू लावली.

काय वादन! मी डोळे मिटले. मधल्या संथ भागात दोन सुरांमध्ये जी निखळ शांतता आहे, तिथे मी बोट वर केलं. "इथे ऐका. एवढी निर्मळ शांतता तुम्हाला नव्या रेकॉर्डवरही मिळायची नाही."

डोळे उघडले तर बाई माझ्या बायकोकडे बघत होत्या. बायको चहाच्या ट्रेकडे बघत होती. संगीताने माणसं अशी अंतर्मुख होतात.

तेवढ्यात मेहुणा उठू लागला. मी त्याला हाताने बसायची खूण केली. "कुठे निघालास?"

"फोन, भाऊजी."

"वाजला की घे. आता ऐक."

यावर दुकानात जी शांतता पसरली, तशी मी कुठल्याही संगीतसभेत अनुभवलेली नाही. एकतारींनी चष्मा काढून पुसला. कप्तानांनी पाय जवळ ओढून घेतले. मेहुणा उभाच राहिला, मग हळूच मागे जाऊन काही तरी करून आला.

बाजू संपली. मी म्हटलं, "सांगा आता. कुठे आहे शिट्टी?"

शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्याच कानात असेल हो, गुरुजी. दिवसभर ते यंत्र चालतं ना."

"आणि तुम्ही?" मी एकतारींना विचारलं.

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. जळालेल्या गोदामाकडे बघायचे तसे. "छान आहे," ते म्हणाले.

जाताना कप्तानांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? सत्यासमोर माणसं कशी मऊ होतात." ती कप गोळा करत होती. काही बोलली नाही. निदान मी तरी काही ऐकलं नाही.

२४ मार्च, सोमवार

बाईंनी मत बदललं: 'शिट्टी नाही. माझी चूक. गुरुजींसारखा माणूस मिळणं कठीण. पाच तारे.'

कप्तान: 'अत्यंत सज्जन दुकानदार. पाच तारे.'

एकतारी: 'दुकानदार प्रामाणिक आहेत. पाच तारे.'

तिन्ही मतं मेहुण्याला मोठ्याने वाचून दाखवली. वाटलं होतं, उडी मारेल. तो म्हणाला, "चांगलं झालं," आणि खोकं बांधायला लागला. एकच खोकं तो बराच वेळ बांधत होता.

२६ मार्च, बुधवार

परवापासून एक गोष्ट सलत होती. विजयाची चव गोड असायला हवी. ही औषधासारखी लागत होती. आज सकाळी ती तीन मतं पुन्हा वाचली आणि कळलं. रेकॉर्डबद्दल कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही. सगळ्यांनी माझ्याबद्दल लिहिलं आहे.

आणि एकतारी! कोपरा दुमडला म्हणून सर्वोत्तम वादनाला एक तारा देणारा माणूस पाच तारे देतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे हे आम्ही वर्गात घोकून घ्यायचो. हा धूर तर दाराशीच होता.

दुकान मेहुण्यावर सोडून एकतारींच्या घरी गेलो. दार उघडून ते म्हणाले, "या गुरुजी, बसा." बसा! या माणसाने आजवर मला उभ्यानेसुद्धा सुखाने राहू दिलेलं नाही.

"तुमचे तारे परत घ्या," मी म्हटलं.

"का, कमी पडले?"

"तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंत. गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं. रेकॉर्डचं बोला. शिट्टी होती?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "होती."

"बारीक?"

"बारीक कसली? बाहेर पडल्यावर कप्तान म्हणाले, असल्या शिट्टीवर धुक्यातून अख्खं जहाज बंदरात आणलं असतं."

"मग तोंडावर का नाही सांगितलंत? तुम्हाला कधीपासून माणसाची भीड वाटायला लागली?"

"गुरुजी, तुम्ही बोट वर केलंत ना, शांतता ऐका म्हणून? तिथेच ती सगळ्यांत जोरात होती." ते थांबले. "आणि फोन वाजत होता. तुमच्या पाठीमागे. तुमच्या मेहुण्याने उठून बंद करेपर्यंत वाजत होता."

अनुपलब्धीला एक अट असते. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी: उजेड हवा, डोळे धड हवेत. अंधारात बसून खोलीत घडा नाही असं सांगणाऱ्या पंडिताची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचो. मुलं हमखास हसायची. मीही हसायचो.

एकतारींनी स्वतः चहा केला. वाईट होता. मी तसं सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं.

"उद्या पाच काढून एक तारा देतो," ते जिन्यापर्यंत येऊन म्हणाले.

"उपकार होतील," मी म्हटलं, आणि खरोखर तसं वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार

कानांची तपासणी. बायको सोबत आली. एका बंद खोलीत काचेपलीकडे तपासणारी बाई, माझ्या कानांवर जाड टोपणं आणि हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. आधी काही खर्जाचे आवाज आले, ते मी अभिमानाने दाबले. मग ती काही तरी जुळवत बसली. मी शांतपणे वाट पाहिली. बराच वेळ गेल्यावर काचेतून खूण केली: पुढचा भाग कधी सुरू करणार?

ती आत येऊन म्हणाली, "झाला की."

आयुष्यभर मी कोरे पेपर तपासले. कोरा पेपर देण्याचा अनुभव प्रथमच घेतला.

निकाल असा: खालचे आवाज दोन्ही कानांना शाबूत. वरचे डाव्या कानाला थोडे, उजव्याला जवळजवळ नाहीत. हळूहळू गेले आहेत, काही वर्षांत. बाई म्हणाली, असंच होतं, माणसाला स्वतःला शेवटी कळतं. शिट्ट्या, पाखरं, पातळ आवाज, बायकांचं हळू बोलणं हे आधी जातं. "तुम्ही संगीतातले, त्यामुळे तुम्ही आठवणीने भरून काढत असाल. पाठ असलेल्या गोष्टीत माणूस बरोबर भरतो."

चेलोची थोरवी आता कळली. बासरीवाल्याची क्षमा मागितली पाहिजे.

परत येताना बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही छान म्हणालात."

रस्त्यातच आम्हाला हसू आलं. इतकं, की एका बाईने तिचं कुत्रं जवळ ओढून घेतलं. मग हसता हसता बायकोने चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुन्हा घातला नाही.

२ एप्रिल, बुधवार

संकेतस्थळावर मी स्वतः लिहिलं: 'या दुकानाचा शिक्का मारणाऱ्याला वरचे आवाज ऐकू येत नाहीत, असं निष्पन्न झालं आहे. गेल्या दोन वर्षांत घेतलेली कोणतीही निर्मळ रेकॉर्ड परत घेतली जाईल. ज्यांना यंत्र तपासा, असं मी लिहिलं, त्यांनी यंत्रांची माझ्या वतीने क्षमा मागावी.'

मेहुणा पाठवायच्या बटणावर बोट ठेवून म्हणाला, "भाऊजी, एवढं उघडं?"

"दाब. बटण दाबणं मला जमत नाही, हे सिद्ध झालंय."

वाटलं होतं की खोक्यांचा डोंगर येईल. काही आली. पण उत्तरंच जास्त आली. एक आजोबा लिहितात, 'मलाही शिट्टी ऐकू येत नाही. माझी रेकॉर्ड निर्मळच आहे. परत देणार नाही.' सापवाला लिहितो, 'सापाची सवय झाली आहे. राहू दे.' दंतवैद्यबाईंनी मूळचे दोन तारे परत लावले आणि खाली लिहिलं, 'आता आपण पुन्हा मित्र.' एकतारींनी शब्द पाळला. एक तारा.

संकेतस्थळाने आम्हाला यादीत ठेवलं आहे, उन्हाळाभर लक्ष ठेवून. पुढचं मतांवर.

आणि आजपासून एकतारी रोज दुपारी दुकानात येतात. माझ्यानंतर तेही प्रत्येक रेकॉर्ड आद्यंत ऐकतात. मोबदला चहा, आणि तो मी करायचा अशी त्यांची अट. पहिल्याच दिवशी त्यांनी दोष शोधले रेकॉर्डमध्ये, वेष्टनात, माझ्या हस्ताक्षरात आणि खुर्चीत. मेहुण्याने नवा शिक्का करून आणला: 'दोघांनी ऐकले. मतभेद आत लिहिले आहेत.' पहिली तशी रेकॉर्ड संध्याकाळच्या आत विकली गेली. घेणाऱ्याने लिहिलं, 'वादनापेक्षा मतभेद सुरस. पाच तारे.'

६ एप्रिल, रविवार

काल कानात घालायची यंत्रं मिळाली. शेंगेच्या दाण्याएवढी. जग फार बोलकं आहे, याची मला कल्पना नव्हती. कागद आवाज करतो. चपला आवाज करतात. फ्रिजला मनोगत आहे. मेहुणा पुटपुटत नाही. तो साधारण माणसासारखाच बोलतो आणि मुख्यतः खोक्यांना शिव्या देतो.

आज दुकान बंद असताना जाऊन ती व्हायोलिनची रेकॉर्ड लावली. शिट्टी आहे. भयंकर आहे. बाईंनी दोन तारे दिले ते त्यांच्या मोठेपणाने. पण शिट्टीच्या वर, अगदी वर, व्हायोलिन होतं. मी समजत होतो तसं नव्हतं. मी इतके दिवस त्या जागी स्वतःचं काही तरी वाजवत होतो. वाईट नव्हतं, पण त्या वादकाचं नव्हतं.

घरी आलो तेव्हा बायको ओट्याशी होती. पाठ माझ्याकडे. मी दारातूनच म्हटलं, "शाळा का सोडतेस?"

ती वळली. "आता कशाला ते?"

"मला ऐकायचंय. तेव्हा ऐकू आलं नाही."

"ते तेव्हाचं होतं," ती म्हणाली. रागाने नाही. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. थोडा पातळ, शेवटी किंचित चढणारा. हा चढ मी विसरलो होतो. "आता ठरलंय ना. हात धुवा, बसू जेवायला."

मी बसलो. ती उजवीकडे बसली की डावीकडे, याने आता फरक पडत नाही. ती डावीकडेच बसली. जेवताना मी वाट पाहिली. मीठ बरोबर आहे का, एवढं तिने विचारलं.

दुकान तगेल असं वाटतं. कान आणखी जातील, हेही मी समजून घेतलं आहे. त्याची भीती वाटते, पण झोप उडावी इतकी नाही. मला काळजी आहे ती वेगळी. मला सांगून काही उपयोग नाही, हे तिने केव्हातरी मनाशी ठरवलं असेल, भांडण न करता, माझ्या नकळत. ऐकायची सोय मला यंत्राने परत दिली. सांगायची सवय तिला कोण परत देणार, आणि ती परत येईल का, हे मला माहीत नाही.